इकाचे दगड आणि माझ्या टेबलावरचा नाग

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक काळा दगड आहे. तो तळहाताएवढा आहे आणि त्यावर वेटोळे घालून फणा काढलेला नाग कोरलेला आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत लातूर जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात मी तो दोनशे रुपयांना घेतला. विकणाऱ्याचे म्हणणे असे होते की, विहीर खणताना पंधरा हात खोलीवर तो सापडला. मी तेव्हा माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होतो. म्हणजे फसण्यासाठी लागणारी सगळी पात्रता माझ्या अंगी होती. थोडे वाचन होते, थोडा अभिमान होता आणि आपल्या हाती काहीतरी लागावे ही जुनी हाव होती.

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या भाच्याने तो दगड उचलला, उलटासुलटा केला आणि मग मोबाइलवरची एक चित्रफीत माझ्यासमोर धरली. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातले गोलसर काळपट दगड, त्यांवर कोरलेले डायनोसॉर, त्या डायनोसॉरवर कुऱ्हाड उगारणारी माणसे, दुर्बिणीतून आकाश पाहणारा कोणी एक, आणि एका दगडावर चक्क हृदयाची शस्त्रक्रिया. निवेदकाचा आवाज असा गंभीर होता की, जणू पाठ्यपुस्तके उद्याच बदलणार होती. "मामा, हे खरं असेल का?" त्याने विचारले. त्याला तोंडी दिलेले उत्तर अपुरे राहिले म्हणून हे लेखन. हा विषय मला नवा नव्हता, कारण माझ्या नागामुळे मी काही वर्षे या इकाच्या दगडांच्या मागे लागलो होतो.

इका हे पेरूच्या दक्षिण भागातील, किनारपट्टीच्या वाळवंटाला लागून असलेले शहर. १५६३ मध्ये हेरोनिमो लुइस दे काब्रेरा या स्पॅनिश सरदाराने ते वसवले. त्याच आडनावाचे एक डॉक्टर, हाविएर काब्रेरा दार्केआ, विसाव्या शतकात तेथे वैद्यकी करत होते. १९६६ मध्ये एका मित्राने त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून एक कोरलेला दगड दिला. त्यावर मासा होता. डॉक्टरांनी तो टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवला. (हे प्रथम वाचले तेव्हा मी माझ्या टेबलाकडे पाहिले आणि मला जरा ओशाळल्यासारखे झाले.) तो मासा फार पूर्वी नामशेष झालेल्या जातीचा आहे, असे डॉक्टरांना वाटू लागले आणि त्यांनी असे आणखी दगड मिळवायला सुरुवात केली. कार्लोस आणि पाब्लो सोल्दी हे दोघे भाऊ असे दगड बाळगून होते. ओकुकाहे भागात ते मोठ्या संख्येने सापडतात असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्याकडून डॉक्टरांनी तीनशेहून अधिक दगड घेतले. पुढे बासिलिओ उशूया नावाचा शेतकरी त्यांना दगड आणून देऊ लागला आणि संग्रह फुगत फुगत ११ हजारांच्या घरात गेला. १९७६ मध्ये डॉक्टरांनी या दगडांवर पुस्तक लिहिले. अतिप्राचीन काळी पृथ्वीवर एक प्रगत मानवजात होती आणि तिने आपले ज्ञान या दगडांवर कोरून ठेवले, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९९६ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून या दगडांचे संग्रहालय लोकांना खुले केले. २००१ मध्ये ते वारले.

डॉक्टरांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती बरीच झालेली आहे. मला मात्र ते लबाड वाटत नाहीत. लबाड माणूस ११ हजार दगड घरात ठेवत नाही, तो ते विकतो. आपल्याला हवे ते सापडत गेले की शंका घेण्याची सवय कशी गळून पडते, हे त्यांच्या कहाणीत दिसते. दगड आणून देणाऱ्याला गिऱ्हाइकाची आवड कळलेली असते. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची चित्रे आवडली की पुढच्या खेपेला शस्त्रक्रियेचे दगड अधिक येणार, यात नवल कसले?

आता उशूयाची गोष्ट. या वादाचा सगळा पीळ तिच्यात आहे. १९७३ मध्ये, परग्रहावरील पाहुण्यांविषयी लिहून जगभर गाजलेले एरिक फॉन डेनिकेन त्याला भेटले, तेव्हा हे दगड आपणच कोरल्याचे त्याने सांगितले. पुढे १९७७ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी त्याने कॅमेऱ्यासमोर दंतवैद्याच्या यंत्राने दगड कोरून दाखवला आणि तो जुना दिसावा म्हणून गाईच्या शेणात भाजतो, हेही सांगितले. चित्रे कोठून घेतोस, तर चित्रकथांतून, शाळेच्या पुस्तकांतून, मासिकांतून. शेती करण्यापेक्षा हे काम सोपे आहे, असेही तो म्हणाला. तेरणा-मांजरेच्या काठी कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

येथे प्रकरण मिटायला हवे होते. पण त्याच उशूयाने नंतर एका जर्मन पत्रकाराला उलटे सांगितले. पेरूत प्राचीन वस्तू उकरून विकणे हा गुन्हा आहे. तुरुंगात जावे लागू नये म्हणून आपण दगड बनवल्याची कबुली दिली, असा त्याचा नवा खुलासा होता. तेव्हापासून दोन्ही बाजूंकडे एकेक उशूया आहे. दगड खोटे मानणारे पहिला उशूया पुढे करतात, खरे मानणारे दुसरा. मला विचाराल तर दोघेही चूक करतात. ज्याला 'मी बनवले' म्हटल्याने सुटका आणि 'मला सापडले' म्हटल्याने किंमत मिळते, अशा माणसाच्या कोणत्याही शब्दावर निकाल लावता येत नाही. आपल्याकडेही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी शिल्पे परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही. उद्या एखाद्याला गोणपाटात मूर्ती गुंडाळून नेताना पकडले, तर 'साहेब, ही मीच घडवली' हेच त्याचे पहिले वाक्य असणार. ते खरे असू शकते आणि खोटेही. उशूयाच्या जबानीतला एकच भाग जबानीवर अवलंबून नाही, तो म्हणजे त्याने प्रत्यक्ष कोरून दाखवलेला दगड. असा दगड थोड्या वेळात, साध्या साधनांनी बनवता येतो, एवढे त्यावरून ठरते. बाकीचे ११ हजार त्याने बनवले की नाही, हे त्यावरून ठरत नाही. सगळे आपण केले नाहीत, असे तो स्वतःही म्हणाला होता.

मग दगडालाच विचारू, असे वाटते. भाच्याचेही तेच म्हणणे होते. तो अभियंता आहे, त्यामुळे प्रयोगशाळेवर त्याचा विश्वास आहे. 'कार्बन चाचणी का करत नाहीत?' हा प्रश्न मला शाळेतही दरवर्षी कोणी ना कोणी विचारत असे. कार्बनवरून काळ ठरतो तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचा: लाकडाचा, हाडाचा, कोळशाचा, धान्याच्या दाण्याचा. भाजलेल्या मातीच्या भांड्याचा काळ वेगळ्या पद्धतीने काढता येतो, कारण भट्टीत भाजताना त्याचे घड्याळ जणू शून्यावर येते. दगडावर टाकी चालवली तेव्हा मात्र दगडाच्या पोटात कोणतेही घड्याळ सुरू होत नाही. इकाचे दगड अँडेसाइटचे आहेत, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला खडक. त्याचे वय काढता येईल, पण ते खडकाचे वय असेल, चित्राचे नव्हे. माझ्या टेबलावरचा नाग आपल्या दख्खनच्या काळ्या बसाल्टात कोरलेला आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास. त्या अर्थाने माझा दगड इकाच्या कोणत्याही दगडाइतकाच डायनोसॉरचा शेजारी आहे. आपल्या घरोघरचे पाटे-वरवंटेही तसेच.

पाट्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण वयाची पुटे आणि कोरल्याची खूण यांविषयी मी जे शिकलो ते आधी स्वयंपाकघरात शिकलो. लहानपणी आमच्या गल्लीतून "जात्याला-पाट्याला टाकीऽऽ" अशी आरोळी देत बाया यायच्या. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर त्या छिन्नी-हातोड्याने बारीक घाव घालून तो पुन्हा खरबरीत करून द्यायच्या. टाकी लावलेला पाटा पहिल्या दिवशी राखेसारखा पांढुरका दिसे; आई त्यावर आधी जाडे मीठ नाही तर भिजवलेले तांदूळ वाटून ती कच धुऊन काढी. नंतर हळद, तिखट, खोबरे आणि तेल यांनी तेच घाव दोन-तीन आठवड्यांत काळे पडत आणि ते कधीचे आहेत हे कोणाला सांगता येत नसे. उघड्यावर पडलेल्या दगडाच्या पृष्ठभागावर शतकानुशतके ऊन, पाऊस आणि धूळ यांचे जे पापुद्रे चढतात ते वेगळे, हे खरेच. सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक तपासणीत तो फरक पुष्कळदा पकडता येतो. कोरलेल्या रेषेच्या तळाशीही बाहेरच्यासारखाच थर आहे, की रेषेने तो थर कापला आहे आणि आतला ताजा दगड दिसतो आहे, हा पहिला प्रश्न असतो. इकाच्या दगडांबाबत हा प्रश्न विचारला गेला आहे आणि रेषेने थर कापला आहे, असेच उत्तर अनेकदा आले आहे. पण डोळ्यांना दिसणाऱ्या जुनेपणावर विसंबून चालत नाही, हे सांगायला माझ्या आईचा पाटा पुरेसा होता. शेणात भाजलेल्या दगडाचे आश्चर्य तर आपल्याला मुळीच वाटू नये. गोवऱ्यांच्या आरात काय काय काळे होते, हे आपण जाणतो.

चित्रांचा आशय हा पुराव्याचा दुसरा भाग आणि तो दगड खरे मानणाऱ्यांच्या बाजूने मुळीच जात नाही. इकाच्या दगडांवर पुष्कळ डायनोसॉर शेपूट जमिनीवर ओढत, अंग ताठ उभे करून चालताना दिसतात. हे १९६० च्या सुमारास पुस्तकांत छापले जाणारे डायनोसॉर आहेत. पुढे सांगाड्यांच्या आणि पावलांच्या ठशांच्या अभ्यासातून हे प्राणी शेपूट उचलून, अंग आडवे ठेवून चालत असे ठरले. ज्याने जिवंत डायनोसॉर पाहिला, त्याने तो त्या दशकातल्या मासिकासारखाच चुकीचा कसा काढला? हृदयाच्या शस्त्रक्रियेचेही तसेच. केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले ते ३ डिसेंबर १९६७ रोजी, आणि ती बातमी जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होती. याच वर्षांत डॉक्टर काब्रेरा दगड जमवत होते. हा योगायोग असेलही. पण एखादी मानवजात हृदय बदलत असेल, तर तिची एकही सुरी, एकही सुई, एकही भांडे, एखाद्या रुग्णाची बरगडी कोठे तरी मिळायला हवी. दगडावरचे चित्र तेवढे उरते आणि बाकी सगळा संसार नाहीसा होतो, हे पटत नाही.

आणि येथेच मला या प्रकरणाचा खरा राग येतो. कारण त्याच परिसरात शस्त्रक्रियेचा अस्सल पुरावा आहे. इकापासून फार दूर नसलेल्या पाराकास द्वीपकल्पावर हुलिओ तेयो या पेरूच्याच पुरातत्त्वज्ञाने १९२० च्या दशकात दफनभूमी उजेडात आणल्या. पाराकासच्या कवट्यांमध्ये शस्त्राने भोक पाडलेल्या कवट्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत भोकाच्या कडा भरून येऊन गुळगुळीत झालेल्या आहेत. हाड भरून यायचे तर माणूस जिवंत असावा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी कवटी उघडली गेली आणि रुग्ण उठून घरी गेला, याची साक्ष त्याच्या स्वतःच्या हाडाने दिलेली आहे. त्या चित्रफितीत या कवट्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. खोटे आश्चर्य खऱ्या आश्चर्याची जागा खाते, ते असे.

त्याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. सगळेच कोरलेले दगड उशूयाच्या कारखान्यातले नव्हते. सान्तियागो आगुर्तो काल्वो हे वास्तुविशारद सुरुवातीला असे दगड विकतच घेत असत. मग त्यांनी १९६६ मध्ये जुनी थडगी शोधायला सुरुवात केली आणि त्यांत त्यांना काही कोरलेले दगड मिळाले. आलेहान्द्रो पेसिया या पुरातत्त्वज्ञाचेही नाव त्या शोधात येते. म्हणजे स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या त्या मुलखात दगडावर चित्र कोरून ते मृताजवळ ठेवण्याची काही रीत असावी. ती कोणाची, कशासाठी, किती पसरलेली, याचा शांतपणे अभ्यास व्हायला हवा होता. पण बाजारात हजारो दगड आल्यावर इकाचा कोरीव दगड म्हटले की लोक हसतात, आणि संग्रहातला एखादा खरा दगड त्या ढिगात असलाच तर तो आता वेगळा काढता येणार नाही. तो थडग्यातून उचलला गेला त्या क्षणीच मुका झाला. खोट्या दगडांनी गिऱ्हाइकांना फसवले त्यापेक्षा खऱ्या दगडांचा गळा दाबला, हा अपराध मला अधिक मोठा वाटतो.

'थडग्यातून उचलला' म्हणजे काय गेले, हे समजण्यासाठी पेरूला जाण्याची गरज नाही, तेरला गेले तरी पुरे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचे नाव आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. जुन्या वस्तीच्या राखेने, शेणामातीने, पडक्या भिंतींनी झालेली ही पांढरट माती आपल्याकडे माळवदावर पसरायला आणि शेतात टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. दर पावसाळ्यात धुऊन निघालेल्या पांढरीतून मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी वर येत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू चिकाटीने जमवल्या नसत्या तर त्या कोठे गेल्या असत्या, याची कल्पना करवत नाही. त्यांच्या संग्रहावर उभे राहिलेले संग्रहालय आजही तेरला आहे आणि त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहण्यासाठी मी किमान दहा वेळा तरी गेलो असेन.

त्या मूर्तीची हकिगत या वादासाठी मोठी उद्बोधक आहे. तिच्याशी नाते सांगणारी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात मिळाली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणून ती मूर्ती त्या वर्षानंतरची असूच शकत नाही. ज्वालामुखीने तारीखच टाकून ठेवली. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी केलेल्या उत्खननात याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग निघाला. तो थरातून निघाला. वर काय होते, खाली काय होते, बरोबर कोणती खापरे होती, हे नोंदले गेले. तेरच्या मूर्तीचा काळ आपण या बहिणींच्या आधाराने सांगतो. भोकरदन आणि पाँपेई नसते आणि कोणी खोडसाळपणे विचारले असते की, ही मूर्ती शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारागिराची कशावरून नाही, तर उत्तर देताना आपल्याला घाम फुटला असता. लामतुरे यांच्या प्रामाणिकपणाचा तेथे प्रश्नच नाही. वस्तू थरातून सुटली की प्रामाणिक माणसाच्या हातातही ती अर्धी होते, एवढेच म्हणायचे आहे.

दायमाबादचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना चार जड कांस्यमूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या सौंदर्याविषयी दुमत नाही. त्या खोट्या आहेत, असेही कोणी म्हणत नाही. तरी त्या कोणत्या काळातल्या यावर पुरातत्त्वज्ञांत वाद झाला. म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळात ठेवल्या. धातूतले आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक भरते, ते ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंशी जुळत नाही, अशी हरकत डी. पी. अग्रवाल यांनी घेतली. हा वाद होण्याचे मूळ कारण एकच, की मूर्ती निघाल्या तेव्हा तेथे थर वाचणारे कोणी नव्हते. अस्सल वस्तूंची ही गत, मग बाजारातल्या दगडांची काय कथा?

फसण्याचा मक्ता काही डॉक्टर आणि मास्तरांकडेच नाही, विद्यापीठेही त्यात आहेत. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या योहान बेरिंगर या प्राध्यापकाला १७२५ मध्ये काही मुलांनी डोंगरातून दगड आणून दिले. त्यांवर सरडे होते, बेडूक होते, जाळ्यासकट कोळी होते, सूर्य-चंद्र होते आणि हिब्रू अक्षरेही होती. दगडांवर छिन्नीचे घाव दिसतात हे बेरिंगरच्या लक्षात आले होते. पण तो हात माणसाचा नसून परमेश्वराचा असावा, असा अर्थ त्याने लावला. १७२६ मध्ये त्याने त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही करामत त्याच्या गर्विष्ठपणाला वैतागलेल्या दोन सहकाऱ्यांची होती, हे नंतर अब्रूच्या दाव्यात बाहेर आले. स्टाफरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट मुळीच अशक्य वाटत नाही.

अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९८५ मध्ये विकत घेतलेल्या संगमरवरी ग्रीक तरुणाच्या पुतळ्याचे प्रकरण याहून बारीक आहे. दगडाच्या पृष्ठभागाचा अभ्यास झाला, तज्ज्ञांत तट पडले, आणि संशय पक्का केला तो कागदांनी. पुतळ्याची मालकी सिद्ध करणाऱ्या १९५२ च्या एका पत्रावर १९७२ मध्ये सुरू झालेला टपालाचा सांकेतांक होता. (आपला पिन कोडही १९७२ चाच, १५ ऑगस्टचा. जुनी पत्रे विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पुढे कित्येक वर्षे त्या पुतळ्याखालच्या पाटीवर 'ग्रीक, इ. स. पू. ५३० च्या सुमारास, किंवा आधुनिक नक्कल' असे लिहिलेले होते. इतकी प्रामाणिक पाटी मी दुसरी ऐकलेली नाही.

न्यायालयात गेल्याने निकाल लागतो, असेही नाही. 'याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ' असा अरामी लेख असलेली चुनखडीची अस्थिपेटी २००२ मध्ये जगापुढे आली. पेटी जुनी आहे हे बहुतेकांना मान्य होते. लेख, निदान त्याचा शेवटचा भाग, नंतर कोरला का, हा वाद होता. अक्षरांतल्या थराची रासायनिक तपासणी झाली, तज्ज्ञ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, खटला अनेक वर्षे चालला आणि २०१२ मध्ये पेटीचा मालक बनावटीच्या आरोपातून सुटला. पण आरोप शाबीत झाला नाही याचा अर्थ लेख अस्सल ठरला असा नव्हे, हे न्यायाधीशांनी स्पष्ट केले.

भाच्याने शेवटी विचारलेला प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. लोकांना हे दगड खरे असावेत असे का वाटते? डॉक्टर काब्रेरांच्या बाबतीत उत्तर कदाचित सोपे आहे: लुटलेल्या, दरिद्री झालेल्या आपल्या मुलखाचा भूतकाळ जगातल्या सर्वांहून मोठा असावा, ही इच्छा. ती मला परकी नाही. आपल्या वाट्याला आलेला दुष्काळ आणि मागासपणाचे अहवाल वाचत वाढलेल्या मराठवाड्यातल्या मुलाला प्रतिष्ठान आणि देवगिरी यांची नावे घेताना छाती जरा फुगवावीशी वाटतेच. पण त्याच इच्छेचा दुसरा टोकाचा प्रकार वेरूळला पाहायला मिळतो. कैलास लेणे माणसांनी खोदणे शक्य नाही, ते परग्रहवासीयांचे काम, असे सांगणाऱ्या चित्रफिती भाच्याच्याच मोबाइलवर होत्या. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या या मंदिराविषयी बडोद्याच्या ताम्रपटात लिहिले आहे की, ते पाहून आकाशातून जाणारे देव चकित झाले आणि स्वतः स्थपतीलाही 'हे मी कसे केले?' असे वाटले. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आपल्याच हातांचे आश्चर्य वाटले होते; आपण ते हातच काढून घेतो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या यक्षावर 'कण्हदास' नावाच्या सोनाराने हे केले, असे कोरलेले आहे. दागिने घडवणाऱ्याने दगड घडवला आणि सही ठेवली. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इकाच्या ११ हजार दगडांपेक्षा मला ती एक ओळ अधिक जड वाटते.

आता माझ्या नागाचे. विकत घेतल्यावर सुमारे वर्षभर मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. यादवकालीन असावा, असे मी पुटपुटल्यासारखे म्हणत असे आणि समोरचा मान डोलवत असे. मग एकदा आमच्या गल्लीत पाटे-वरवंटे घडवून विकणारे एक आजोबा पाणी प्यायला ओसरीवर टेकले. मी अपेक्षेने दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला नाही, दगडावर नख फिरवले, वेटोळ्याच्या खोबणीत अंगठा घातला आणि परत दिला.

"गुर्जी, ह्ये टाकीचं काम न्हाई. मशीनीचं हाय."

कशावरून, असे मी विचारले. टाकीची रेघ म्हणजे घावाला घाव लावत नेलेली खड्ड्यांची रांग. बोटाला ती अडखळत लागते. फिरत्या चाकाची रेघ दोन्ही टोकांना उथळ आणि मध्ये खोल असते आणि तिची बाजू सरळ कापलेली लागते. त्यांनी माझे बोट धरून ते त्या खोबणीतून फिरवले, तेव्हा मला ते कळले. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते ओळखल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या बाबतीत थापटणे माझ्याच डोक्यावर बसले होते. "किती घेतलं?" आजोबांनी विचारले. दोनशे, मी म्हणालो. "काम चांगलं केलंय पोरानं," ते म्हणाले, "दोनशाला म्हाग न्हाई." आणि उठून गेले.

हे सगळे ऐकल्यावर भाचा म्हणाला की, मग निदान दगडावर तसे लिहून तरी ठेवा, नाही तर तुमच्या मागे कोणी तो पुन्हा यादवकालीन करील. मला ते पटले. गेटीच्या पाटीची आठवण ठेवून दुसऱ्या दिवशी मी एक कागदाची पट्टी नागाच्या पोटाखाली चिकटवली. तिच्यावर लिहिले आहे: 'नाग. काळा दगड. आठवडी बाजार, लातूर जिल्हा, फेब्रुवारी १९९६. किंमत रु. २००. यंत्राने कोरलेला. कारागिराचे नाव विचारायचे राहिले.'